सॅलडमधले मोड मऊ का पडतात? या चुका टाळा

जळगावात मी घरीच स्वयंपाकाचे वर्ग घेते. हल्ली मुली थाई, कोरियन पद्धतीची सॅलड शिकायला येतात, वर्गात छान करतात आणि आठ दिवसांनी फोन येतो, ‘मावशी, सगळ्याला पाणी सुटलं.’ प्रत्येक वेळी त्याच त्या चुका असतात, म्हणून आता लिहूनच ठेवते.

मोडाचा करकरीतपणा म्हणजे त्याच्या पोटातलं पाणी. ते आत टिकलं पाहिजे आणि अंगावर मात्र थेंब राहता कामा नये. एवढं ध्यानात धरलं की अर्ध्याहून जास्त चुका होतच नाहीत.

उसळीचे मोड सॅलडात घालणं

उसळीसाठी आपण मूग भिजवतो, पुरचुंडी बांधतो आणि दुसऱ्या दिवशी नखाएवढा मोड आला की फोडणीला टाकतो. उसळीला तो बरोबर आहे. सॅलडात मात्र तो कच्चट आणि पिठूळ लागतो, कारण त्यात दाणा जास्त आणि मोड कमी असतो. थाई, व्हिएतनामी जेवणातला मोड बोटभर लांब, पांढराशुभ्र आणि जाड असतो. त्याला चार-पाच दिवस लागतात. ‘दोन दिवसांत नाही का होणार?’ असं मला दर वर्गात विचारतात. नाही होत.

माझी पद्धत सांगते. अर्धी वाटी मूग रात्रभर भिजवते. सकाळी मोठ्या भोकांच्या चाळणीत ओलं सुती फडकं अंथरून त्यावर मूग पसरते. वर दुसरं ओलं फडकं, त्यावर ताटली आणि ताटलीवर पाण्याने भरलेला तांब्या. दाब मिळाला की मोड उंच सुटण्याऐवजी जाड होतो. हे सगळं अंधाऱ्या कपाटात ठेवते, कारण उजेड लागला की मोड हिरवट आणि कडसर होतात. दिवसातून चार वेळा वरून थंड पाणी ओतायचं आणि पूर्ण निथळू द्यायचं. मूग हलवायचे नाहीत, नाहीतर कोवळी मुळं तुटतात.

उन्हाळ्यात मोडांवर विसंबणं

ही चूक मला फार जवळून माहीत आहे. एका मे महिन्यात चोपड्याला माझ्या पुतणीचा साखरपुडा होता. पारा 44 अंशांवर. साठ माणसांच्या सॅलडसाठी मी मोठ्या पातेल्यावर चाळण्या ठेवून मोड काढत होते. आदल्या दिवशी पाहुण्यांच्या गडबडीत संध्याकाळचं पाणी घालायचं राहिलं. कोणीतरी धूळ बसू नये म्हणून वर घट्ट झाकणही ठेवलं. सकाळी फडक्याखाली हात घातला, तर ताप चढलेल्या लेकराच्या कपाळासारखं गरम लागलं. मोड फुटताना दाणा स्वतःच तापतो. चार वेळा पाणी घालायचं ते ओलाव्यासाठी तर असतंच, पण ही ऊब वाहून जावी म्हणूनही असतं. बोटाला बुळबुळीत तार आली आणि आंबूस भपकारा सुटला.

बायका म्हणाल्या, व्हिनेगरमध्ये धुऊन घ्या, कळणार नाही. माझ्या सासूबाईंनी एक मोड नाकाशी धरला आणि म्हणाल्या, ‘हाई जनावरंस्ले बी टाकू नको वं.’ सगळं फेकलं. काकडी, गाजर आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचं सॅलड वाढलं.

फेकण्याचं दुःख झालं, पण त्यात मी आजही तडजोड करणार नाही. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते, आणि जंतू बियांच्या सालीच्या भेगांत बसलेले असतात, धुऊन निघत नाहीत. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांमधून पसरलेल्या ई. कोलाय जंतूंमुळे 50हून अधिक माणसं दगावली होती. म्हणून मी कच्चे मोड कुणालाच वाढत नाही. खळखळत्या पाण्यातून अर्धा मिनिट काढते आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकते. करकरीतपणा जात नाही, कच्चट वास तेवढा जातो. कोरियात तर मुगाचे मोड असेच पाण्यातून काढून, हलके पिळून, तिळाच्या तेलात कालवतात. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस पंगतीला असेल तर त्यांच्यासाठी मोड पूर्ण शिजवा. तिथे करकरीतपणाचा हट्ट नको. आणि एप्रिल-मेमध्ये लांब मोड काढूच नका. आपल्याकडे त्यांचे दिवस म्हणजे थंडी, नेमके मटाराचेच.

पेरणीचं उरलेलं बियाणं

शेतकऱ्याच्या घरात पेरणीनंतर मुगाची अर्धी पिशवी उरतेच. त्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बहुतेक वेळा दाण्यावर गुलाबी-लाल रंग दिसतो. कितीही धुतलं तरी ते खायचं नाही, मोडांसाठी नाही आणि उसळीसाठीही नाही. खायचे मूग किराणा दुकानातूनच आणा.

मटार पिवळट पडणं

मटार उकळत्या पाण्यात दीड ते दोन मिनिटं, भांड्यावर झाकण न ठेवता, आणि तिथून थेट बर्फाच्या पाण्यात. गॅस बंद करून ‘राहू दे जरा’ म्हटलं की तो आतल्या आत शिजत राहतो. लिंबू किंवा व्हिनेगर अगदी शेवटी, कारण आंबट लागलं की हिरवा रंग थोड्या वेळात शेवाळी होतो. तोडल्यापासून मटारातल्या साखरेचं पीठ व्हायला लागतं, म्हणून शेंगा आणल्या त्याच दिवशी सोला. फ्रोझन मटार आधीच उकळत्या पाण्यातून काढलेला असतो, त्याला गरम पाण्यात मिनिटभर पुरे. आपला मटार सालीसकट घालू नका, आतला पापुद्रा चिवट असतो. परदेशी सॅलडात सबंध शेंग दिसते ती जातच वेगळी.

सकाळीच सगळं कालवून ठेवणं

पाणी सुटण्याचं हे खरं कारण. सोया सॉस म्हणजे जवळजवळ खारट पाणीच, एका मोठ्या चमच्यात 900 मिलीग्रॅमच्या आसपास सोडियम. मिठाने काकडीतलं, कोबीतलं, मोडातलं पाणी बाहेर ओढलं जातं. तासाभरात तळाशी डबकं आणि वर मऊ चिंध्या. घाईच्या मुलींना वाटतं, आधी करून ठेवलं की काम सुटसुटीत होतं. काम होतं, सॅलड होत नाही. भाज्या चिरून, फडक्यावर कोरड्या करून फ्रिजमध्ये ठेवा. सोया सॉस, लिंबू, किसलेला गूळ, ठेचलेलं आलं-लसूण आणि हिरवी मिरची वेगळ्या वाटीत. ताटं मांडल्यावर कालवा. वरून मीठ घालूच नका.

काकडी बियांसकट घालू नका. चमच्याने बिया खरवडून टाका.

डब्यातलं शेंगदाण्याचं कूट इथे चालत नाही, लगदा होतो. दाणे तेव्हाच खमंग भाजा, खलबत्त्यात दोन ठोके द्या, अर्धे-अर्धे तुकडे राहू देत.

आपलं साधं तिळाचं तेल आणि भाजलेल्या तिळाचं गडद तेल यांची चव एक नाही. गडद तेल मिळालं नाही तर एक चमचा तीळ लालसर भाजून भरडा आणि शेंगदाणा तेलाच्या चार थेंबांत कालवा.

टोमॅटो नकोच.

कालवलेलं सॅलड उरलं तर ते फ्रिजमध्ये टाकून उद्या पुन्हा वाढू नका. न कालवलेले मोड मात्र कोरड्या फडक्यात गुंडाळून दोन दिवस राहतात. दुसऱ्या दिवशी मी त्यांना काळा मसाला आणि लसणाची फोडणी देते, झाकण ठेवून पूर्ण शिजवते आणि भाकरीबरोबर वाढते.