परस्परविरोधी मंडळींसह भविष्याचा आराखडा कसा करावा

एखाद्या तलावाच्या, रुग्णालयाच्या किंवा रस्त्याच्या पुढच्या 20 वर्षांचा आराखडा करायचा ठरले, की पहिले निमंत्रण बैठकांना नेमाने येणाऱ्या आणि एकमेकांशी पटणाऱ्या लोकांनाच जाते. बहुतेक आराखडे फसतात ते इथेच. त्यामुळे निम्मा वेळ निमंत्रितांच्या यादीवर घालवावा लागला, तरी तो वाया गेला असे समजू नये. मार्विन वाइसबोर्ड आणि सँड्रा जॅनॉफ यांच्या ‘फ्यूचर सर्च’ पद्धतीत यादी करताना पाच गोष्टी पाहतात: अधिकार कोणाकडे आहे, पैसा व साधने कोणाकडे आहेत, विषयाचे ज्ञान कोणाला आहे, माहिती कोणाजवळ आहे आणि परिणाम कोणाला भोगावे लागणार आहेत. पाचव्या प्रश्नाच्या उत्तरात येणारी माणसेच सहसा यादीतून गळतात, आणि पुढे आराखडा अडतो तोही त्यांच्यापाशीच.

या पद्धतीत साधारण 60 ते 80 जण एकत्र येतात आणि काम तीन दिवसांत अशा रीतीने विभागतात, की मध्ये दोन रात्री पडाव्यात. रात्रीचा हा खंड मला अत्यावश्यक वाटतो, कारण संध्याकाळी तावातावाने मांडलेले मत सकाळी पुष्कळदा निवळलेले असते.

आरंभ मागण्यांपासून करू नये. तो भूतकाळापासून करावा. भिंतीवर कागदाच्या तीन लांब पट्ट्या लावाव्यात: एक स्वतःच्या आयुष्यातील घटनांसाठी, दुसरी जगातील घडामोडींसाठी आणि तिसरी प्रस्तुत विषयाच्या इतिहासासाठी. प्रत्येकाने उठून स्वतःच्या हाताने लिहावे. समजा, एका मच्छीमाराने ‘जाळे रिकामे येऊ लागले’ असे ज्या वर्षाखाली लिहिले, त्याच वर्षाखाली कारखानदाराने ‘उत्पादन दुप्पट झाले’ असे लिहिले, तर त्या दोन ओळींना सूत्रसंचालकाने भाष्य जोडण्याची काहीच गरज नसते. त्यानंतर वर्तमानाकडे वळावे आणि समान हितसंबंध असलेल्या लोकांच्या प्रत्येक गटाला दोनच गोष्टी विचाराव्यात: या बाबतीत आपल्या कोणत्या कृतीचा अभिमान वाटतो आणि कोणत्या कृतीचा खेद वाटतो. दुसऱ्यांच्या चुका सांगायला इथे जागाच ठेवलेली नसते.

भविष्याचे चित्र मात्र मिश्र गटांत रंगवावे, आणि ते आजच प्रत्यक्षात आले आहे असे मानून मांडावे. जिथे वैर इतके जुने आहे की ‘काय व्हावे’ हा प्रश्न उच्चारताच भांडण जुंपते, तिथे ‘काय काय घडू शकते’ एवढेच विचारावे. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट मावळत असताना, 1991-92 मध्ये, माँट फ्लर येथे डाव्या चळवळीतील कार्यकर्ते, उद्योजक आणि अभ्यासक अशा 22 जणांनी हाच मार्ग धरला. अ‍ॅडम काहाने यांच्या सूत्रसंचालनाखाली त्यांनी एक सामाईक योजना न आखता देशाच्या वाटचालीच्या चार संभाव्य कथा रचल्या.

शेवटी सर्व गटांच्या चित्रांत जे समान आढळेल तेवढेच सहमतीच्या कागदावर उतरवावे. एकाचाही ठाम आक्षेप असलेला मुद्दा ‘मतभेद’ या शीर्षकाच्या वेगळ्या कागदावर न्यावा आणि तिथेच राहू द्यावा. तो त्याच बैठकीत सोडवण्याचा मोह सूत्रसंचालकाला हमखास होतो, आणि त्यात दुपार खर्ची पडून जमलेली सहमतीही उसवते. (इतिवृत्तातील ‘सर्वानुमते’ हा शब्द वाचताना मला नेहमी शंका येते, ती यामुळेच.) सहमतीच्या प्रत्येक मुद्द्यापुढे जबाबदारी घेणाऱ्याने स्वतः आपले नाव आणि मुदत लिहावी, ज्या मुद्द्यापुढे कोणीच नाव लिहीत नाही, तो आराखड्यातून वगळावा. पुढच्या आढाव्याची तारीख लोक पांगण्यापूर्वीच ठरवावी, आणि त्या बैठकीला कोणी आपल्या जागी दुसऱ्याला पाठवणार नाही, हेही तिथेच कबूल करून घ्यावे.