अमेरिकेत जवळ गन असताना पोलिसांनी गाडी थांबवली तर सांगायचं का?

आधी एक क्लिअर करतो. तुम्ही एच-वन-बी (नोकरीच्या) किंवा एफ-वन (शिक्षणाच्या) व्हिसावर असाल तर हा प्रश्न तुमचा नाहीच, कारण फेडरल कायद्याने तिथे बंदूकच काय, गोळ्यासुद्धा जवळ ठेवता येत नाहीत (हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून), त्यामुळे मित्राची गन "राहू दे जरा डिकीत" असले प्रकार नकोत. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप आहे आणि गन जवळ बाळगायचं राज्याचं परमिट आहे, तर पुढे वाचा.

घरून निघायच्या आधी राज्याचा नियम बघा. मिशिगन, नॉर्थ कॅरोलायनामध्ये पोलिसाने विचारायची वाट बघायची नाही, आपण होऊन लगेच सांगायचं. मिशिगनमध्ये पहिल्यांदा चुकलात तरी 500 डॉलरपर्यंत दंड आणि परमिट 6 महिने सस्पेंड. ओहायोत पण आधी असंच होतं, 2022 च्या जूनपासून विचारलं तरच सांगायचं असा बदल झाला. टेक्सासमध्ये आयडी मागितला की लायसन्स टू कॅरी (तिथलं गन बाळगायचं परमिट) पण सोबत दाखवायचं. आणि न्यू जर्सी तर दुसऱ्या राज्याचं परमिट मानतच नाही, म्हणजे पेनसिल्व्हेनियाचं परमिट खिशात ठेवून न्यू जर्सीतल्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर चाट खायला निघालात तर मधली डेलावेअर नदी ओलांडली की तुम्ही थेट गुन्हेगार.

मागे पोलिसांच्या गाडीचे दिवे लागले की गाडी उजवीकडे घ्या, इंजिन बंद, काचा खाली, रात्र असेल तर आतला लाइट लावा आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर. आपल्याकडे गाडीतून उतरून साहेबांकडे चालत जायची सवय असते ना, ती इथे पूर्ण विसरा, ऑफिसर सांगेपर्यंत दार उघडायचं नाही. कागद पण आधीच शोधत बसू नका, लांबून ती खाली वाकलेली पाठ हत्यार काढल्यासारखीच दिसते. रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स वरच्या व्हायझरमध्ये ठेवा, ज्या ग्लोव्ह बॉक्समध्ये गन आहे त्यातच कागद ठेवणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं.

आता बोलायचं कसं. "आय हॅव अ गन" ने सुरुवात अजिबात नको, घाबरलेल्या माणसाला फक्त शेवटचा शब्द ऐकू जातो. हात न हलवता म्हणा, "ऑफिसर, आय हॅव अ कॅरी परमिट, अँड आय ॲम कॅरींग. हाऊ वुड यू लाइक मी टू प्रोसीड?" आणि गप्प बसा. गन कुठे आहे विचारलं तर तोंडाने सांगा, बोट दाखवायला जाऊ नका.

हे मी जरा जास्तच ताणतोय असं वाटेल, पण 2016 च्या जुलैमध्ये मिनेसोटात पोलिसांनी गाडी थांबवल्यावर फिलँडो कॅस्टिल नावाच्या ड्रायव्हरने शांतपणे सांगितलं होतं की माझ्याकडे फायरआर्म आहे, परमिटही होतं, तरी काही सेकंदांत ऑफिसरने त्याला गोळ्या घातल्या आणि तो गेला. हात पाकिटाकडे चालला होता की गनकडे यावर वाद झाला, ऑफिसर 2017 मध्ये निर्दोष सुटला. कॅस्टिल ब्लॅक होता, आपण ब्राउन आहोत, हे डोक्यात असू द्या. म्हणून हात आधी थांबवायचे, मगच बोलायचं.

जिथे कायदा सक्ती करत नाही तिथे माझं मत असं, की गन दिसणार असेल, म्हणजे पाकीट त्याच बाजूच्या खिशात आहे किंवा गाडीतून उतरायला सांगितलंय (सुप्रीम कोर्टाच्या 1977 च्या निकालाने पोलिसाला तो हक्क आहे), तर आधी सांगून टाका. नुसतं स्पीडिंगचं तिकीट असेल आणि गन झाकलेली असेल तर विषय काढायची गरज नाही. पण विचारलं तर खोटं कधीच बोलू नका. गाडीची झडती घेऊ का विचारलं तर "आय डू नॉट कन्सेंट" म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, पण तरी घेतलीच तर तिथे रस्त्यावर अडवायचं नाही, ते वकील बघेल.

घरच्यांना पण आधीच सांगून ठेवा. मागच्या सीटवरून आई "अरे त्यांना सांग ना ते बंदुकीचं" असं ओरडली तर ऑफिसरला त्या वाक्यातलं काही कळत नाही, फक्त कोणीतरी घाबरून ओरडतंय एवढंच कळतं.

ऑफिसरने गन काढून स्वतःकडे ठेवली तर ठेवू द्या, साधारणपणे तिकीट दिल्यावर परत देतात, बऱ्याचदा रिकामी करून. तिथेच लोड करायला घेऊ नका, त्याची गाडी निघून जाऊ द्या.