मूळ कथा आधी, चित्रपट नंतर : बडोद्यात वाचन-दर्शन मंडळ कसे चालवावे

ज्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर पुन्हा पुन्हा चित्रपट निघाले अशा जुन्या लेखकांना वाहिलेले एखादे छोटे मंडळ सुरू करायचे असेल, तर बडोद्यासारखे सोयीचे गाव शोधून सापडणार नाही. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातील मराठी कुटुंबांत मराठी, गुजराती आणि हिंदी या तिन्ही भाषा मुळातून वाचणारी माणसे एकाच घरात भेटतात, आणि सयाजीराव महाराजांनी १९१० साली सुरू केलेले मध्यवर्ती ग्रंथालय मांडवीजवळ आहे. भारतीय चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके याच शहरातील कलाभवनात शिकले, हेही येथील मंडळाने अभिमानाने लक्षात ठेवावे.

सभासद सहा ते दहा असावेत. त्याहून अधिक झाले की दोघे-तिघेच बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. महिन्याला एक कृती घ्यावी आणि तिच्यासाठी पंधरा दिवसांच्या अंतराने दोन बैठका ठेवाव्यात : पहिलीत मूळ मजकुराचे अभिवाचन, दुसरीत चित्रपट. हा क्रम कधीही उलटा करू नये. चित्रपट आधी पाहिला की पात्रांना नटांचे चेहरे कायमचे चिकटतात, आणि लेखकाने शब्दांतून उभा केलेला माणूस मग आपल्याला दिसेनासा होतो.

कृती निवडताना आधी तिचा आकार पाहावा. कथेवरून चित्रपट करणाऱ्याला भर घालावी लागते, कादंबरीवरून करणाऱ्याला कात्री लावावी लागते; म्हणून कथा वाचली असेल तर पडद्यावर काय नव्याने आले ते शोधावे आणि कादंबरी वाचली असेल तर काय गळले ते शोधावे. एवढा एक भेद सर्वांच्या मनात पक्का असला, तर चर्चा सहसा भरकटत नाही.

पहिल्या महिन्यासाठी प्रेमचंदांची ‘शतरंज के खिलाड़ी’ ही १९२४ ची कथा घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. ती एका बैठकीत मोठ्याने वाचून संपते आणि बडोद्यात तिच्यासाठी अनुवादाची गरजही पडत नाही. अवधचा बादशहा वाजिद अली शाह याच्या लखनौत मिर्झा आणि मीर हे दोन जहागीरदार बुद्धिबळात इतके बुडालेले आहेत की कंपनी सरकार राज्य गिळंकृत करत असताना ते गावाबाहेरच्या पडक्या मशिदीत पट मांडून बसतात. डावावरून शब्दाला शब्द लागतो, एकमेकांच्या पूर्वजांचा उद्धार होतो, तलवारी उपसल्या जातात आणि दोघेही तेथेच मरून पडतात. आपल्या बादशहासाठी ज्यांनी डोळ्यांतून टिपूसही काढले नाही, त्यांनी बुद्धिबळाच्या वजिरासाठी प्राण दिले, या आशयाचे निवेदकाचे वाक्य अभिवाचन करणाऱ्याने सावकाश वाचावे.

सत्यजित राय यांनी १९७७ साली या कथेवर चित्रपट केला, तेव्हा त्यांनी या दोघांना मारले नाही. पडद्यावर तलवारींऐवजी पिस्तूल झाडले जाते, नेम थोडक्यात चुकतो, आणि ओशाळलेले दोघे मित्र पुन्हा पटाशी बसून इंग्रजी पद्धतीचा डाव मांडतात. कथेत बादशहा आणि कंपनीचे अधिकारी हे नुसती पार्श्वभूमी असतात. चित्रपटात मात्र वाजिद अली शाह आणि जनरल आउट्रम यांना मोठी जागा मिळाली आहे. ही भर कशासाठी आणि मृत्यू का टाळला, या दोन प्रश्नांवर संपूर्ण बैठक खुशाल खर्च करावी. मला स्वतःला रायांचा शेवट अधिक कठोर वाटतो, कारण प्रेमचंदांचे जहागीरदार मरून सुटतात, तर रायांच्या जहागीरदारांना परक्या राज्यात, परक्या नियमांनी खेळत जगायचे आहे. याच्या नेमके उलट मत मांडणारा सभासद मंडळात असेल, तर त्याला आधी बोलू द्यावे.

चित्रपट प्रथम सलग पाहावा, मध्ये थांबवू नये. तो संपल्यावर आधी ठरवून ठेवलेला एकच प्रसंग पुस्तकातून पुन्हा वाचावा आणि लगेच तेवढाच भाग पुन्हा लावावा. पुस्तक चांगले की चित्रपट, हा प्रश्न निदान पहिला अर्धा तास कोणालाही विचारू देऊ नये. त्याऐवजी निवेदकाने सांगितलेली गोष्ट पडद्यावर कशातून कळते, हे विचारावे : एखाद्या वस्तूतून, आवाजातून, की नटाच्या नुसत्या गप्प राहण्यातून.

कादंबरीकडे वळल्यावर मराठी आणि गुजराती यांची जोडी लावावी. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर अमोल पालेकरांनी १९९५ साली चित्रपट केला, आणि पन्नालाल पटेल यांच्या १९४७ मधील ‘मानवीनी भवाई’वर उपेंद्र त्रिवेदींनी १९९३ साली. दोन्हींत दुष्काळ आहे. पन्नालालांच्या कादंबरीत तो गुजरातच्या लोकस्मृतीत छप्पनियो म्हणून राहिलेला, संवत १९५६ चा आहे. ‘बनगरवाडी’ वाचताना सभासदांचे लक्ष एका अडचणीकडे वेधावे. ती तरुण मास्तराच्या तोंडून सांगितलेली असल्याने पुस्तकात आपण त्याच्या डोळ्यांनी वाडी पाहतो, पण कॅमेऱ्यापुढे मास्तर स्वतःच दिसू लागतो. ही अडचण दिग्दर्शकाने कुठे सोडवली आणि कुठे तशीच राहू दिली, हे शोधण्यात फार आनंद आहे.

हक्कांची बाजू आधीच समजून घ्यावी. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे मोजून त्याचे लेखन सर्वांसाठी मोकळे होते. म्हणून प्रेमचंद, शरदबाबू (शरच्चंद्र चट्टोपाध्याय), रवींद्रनाथ आणि साने गुरुजी यांच्या मूळ मजकुराच्या प्रती सभासदांना वाटता येतात. अनुवादाला मात्र अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. चित्रपट घरी मित्रमंडळींत पाहणे वेगळे. सोसायटीच्या सभागृहात जाहीर खेळ ठेवायचा असेल, तर हक्कधारकाची परवानगी घ्यावीच.

मंडळ रुळल्यानंतर शरच्चंद्रांचा ‘देवदास’ घ्यावा, त्याआधी नको, कारण त्याची रूपे पुष्कळ आहेत. कादंबरी १९१७ ची. प्रमथेश बरुआंनी ती १९३५ मध्ये बंगालीत आणि १९३६ मध्ये हिंदीत आणली. त्या हिंदी चित्रपटाचे छायाचित्रण करणाऱ्या बिमल रॉय यांनी १९५५ मध्ये स्वतः ‘देवदास’ दिग्दर्शित केला, आणि २००२ मध्ये संजय लीला भन्साळींनी. सगळे चित्रपट सर्वांनी पाहण्याचा हट्ट धरू नये. सभासदांचे गट पाडून प्रत्येक गटाकडे एक चित्रपट सोपवावा, आणि प्रत्येकाने तुलना फक्त शेवटच्या प्रसंगाचीच करावी. कादंबरीत आपल्या सासरच्या दाराशी मेलेला माणूस देवदास होता हे त्याच्या बालपणीच्या मैत्रिणीला, पार्वतीला, तो गेल्यानंतर कळते; २००२ च्या चित्रपटात त्याचा श्वास चालू असतानाच ती धावत सुटते आणि तिच्यासमोर फाटक बंद होते. बाकीच्या गटांनी आपापल्या चित्रपटात पार्वतीला केव्हा कळते, ती कुठवर पोहोचते आणि तिला कोण अडवते, एवढे तीनच मुद्दे टिपून आणावेत.