ऑक्सफर्ड की एलएसई: पब्लिक पॉलिसी शिकायला निघालेल्यांसाठी

पब्लिक पॉलिसी, म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास, शिकायला दोन्ही विद्यापीठांकडून होकार आल्याचं कळलं तेव्हा आमच्या वर्तकनगरच्या इमारतीत निकाल संध्याकाळपर्यंत लागलाही होता: ऑक्सफर्ड! त्या नावापुढे कोणाला काही विचारावंसंच वाटेना. आजीचा कौल मात्र वेगळा होता. "बाबासाहेब जिथे शिकले तिथे जा," म्हणाली. बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून (एलएसई) 1921 मध्ये एमएस्सी आणि 1923 मध्ये डीएस्सी केली. त्यांच्या पाऊलखुणांवर जायला मिळणं याचं मोल मला आजही शब्दांत सांगता येत नाही. पण शिकायचं मला होतं आणि कर्ज बाबांच्या सहीनं निघणार होतं, त्यामुळे नुसत्या नावावर भागणार नव्हतं.

मी आधी ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात एका संस्थेसोबत पाण्याच्या प्रश्नावर काम करत होतो. भातसा आणि तानसा ही धरणं याच तालुक्यात. मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांतला जवळपास निम्मा साठा एकट्या भातसाचा. आणि उन्हाळा आला की त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. हे कोणत्या कायद्यानं, कोणत्या हिशेबानं असं झालं आणि ते बदलायला किती पैसा लागेल, हा माझा प्रश्न. तुमचाही असा एक प्रश्न असेल. तो एका वाक्यात कागदावर लिहा आणि मगच अभ्यासक्रमाची पानं उघडा. रँकिंगच्या याद्या नंतर बघितल्या तरी चालतात. पहिल्या काही नंबरांतल्या विद्यापीठांमध्ये त्यावरून निवड करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

ऑक्सफर्डचं ब्लावाटनिक स्कूल ऑफ गव्हर्नमेंट तसं नवं आहे. 2010 मध्ये स्थापन झालं, पहिली तुकडी 2012 ची. तिथलं एमपीपी (मास्टर ऑफ पब्लिक पॉलिसी) एका वर्षाचं. अर्थशास्त्र, राजकारण, कायदा, तत्त्वज्ञान, पुराव्यांचं मूल्यमापन असं सगळं थोडं थोडं सगळ्यांनाच शिकावं लागतं आणि शेवटी उन्हाळ्यात एखाद्या संस्थेसोबत प्रकल्प असतो. वर्गात कितीतरी देशांतले लोक, त्यातले अनेक सरकारात काम करून आलेले. ज्याला पाच-सात वर्षांचा अनुभव आहे आणि आपल्या खात्यात किंवा संस्थेत परत जायचं आहे, त्याच्यासाठी याहून चांगली जागा मला सुचत नाही.

एलएसईचं एमपीए (मास्टर ऑफ पब्लिक अॅडमिनिस्ट्रेशन) 21 महिन्यांचं. पहिल्या वर्षाचा मोठा भाग अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र. दुसऱ्या वर्षी निवडीचे विषय, आणि गटानं एखाद्या खऱ्या संस्थेसाठी करायचा कॅपस्टोन प्रकल्प. दोन वर्षांच्या मधे उन्हाळा मोकळा मिळतो, त्यात इंटर्नशिप करता येते. माझी पदवी राज्यशास्त्राची. पाड्यावरच्या बाईची व्यथा मी लिहू शकत होतो, पण पाणीपट्टीचा दर बदलला तर कोणावर किती बोजा पडेल हे मांडता येत नव्हतं. खात्यातले अभियंते आकडे टाकायचे आणि चर्चा तिथेच संपायची. मला ते आकडे शिकायचे होते, आणि त्यासाठी एक वर्ष पुरणार नाही असं माझं स्पष्ट मत झालं. म्हणून मी एलएसई घेतली. पहिली टर्म जड गेली. कला शाखेतून जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी बारावीचं गणित, निदान डिफरन्सिएशन आणि प्रोबॅबिलिटी, पुन्हा हाताखालून घालावं.

पैशाचं गणित मात्र आधी करा, कारण कित्येकांची निवड तिथेच ठरते. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मिळते. म्हणजे ऑक्सफर्डचं एमपीपी त्यात बसतं, एलएसईचं 21 महिन्यांचं एमपीए बसत नाही. चेव्हनिंगसाठी किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. ही शिष्यवृत्ती हातात असेल तर ऑक्सफर्डला जा, माझ्यासारखं दोन वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊ नका. ऑक्सफर्डसाठी वेडेनफेल्ड-हॉफमन शिष्यवृत्तीही बघावी. इकडे भारतात जे. एन. टाटा एंडाउमेंटची कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. चेव्हनिंगचा अर्ज जायच्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी भरावा लागतो, प्रवेशाचं पत्र यायच्या कितीतरी आधी. बरेच जण ही तारीख हुकवतात.

खर्च धरताना फक्त फी धरू नका. व्हिसासाठी नऊ महिन्यांच्या राहण्याखाण्याचे पैसे सलग 28 दिवस खात्यात दाखवावे लागतात, आणि लंडनसाठी ही रक्कम बाहेरच्या शहरांपेक्षा जास्त असते. त्यात तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वेगळा, आणि तो सगळ्या वर्षांचा आधीच भरायचा. कर्ज घेताना दोन-तीन बँकांत जाऊन या. तारण लागणार की नाही, हे बऱ्याचदा विद्यापीठ बँकेच्या यादीत आहे का यावर ठरतं. आमच्या घरी राहता फ्लॅट तारण ठेवायचा विषय निघाला तेव्हा आई काही बोलली नाही, पण मी दुसऱ्या बँकेत गेलो आणि तारणाशिवाय कर्ज मिळालं. जुन्या करपद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची प्राप्तिकरात वजावट आठ वर्षं मिळते, ती कोणाच्या नावावर घ्यायची हे कर्ज काढतानाच ठरवून टाका.