कोकणातला पावसाळा: ओवा, धणे आणि बाळंतशेप

ओवा, धणे, जिरे, बडीशेप, बाळंतशेप, हिंग ही सगळी गाजराच्या कुळातली. हिंग सोडला तर आपण वापरतो ती त्यांची सुकी फळं. औषध असतं उडून जाणाऱ्या तेलात. ओव्यात ते मुख्यतः थायमॉल. वास गेलेला ओवा फेकावाच.

म्हणून कोकणात पहिलं काम साठवणीचं. मिरगाच्या आधी दाणे पातळ पसरून सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास द्यावं. भर दुपारच्या उन्हात तेल उडतं. पूर्ण निवल्यावरच काचेच्या बरणीत भरावेत. गरम भरले तर आत घाम धरून बुरशी येते. पूड करून ठेवू नये.

पोट फुगलं तर मोठ्या माणसानं जेवणानंतर अर्धा चहाचा चमचा ओवा, चिमूटभर सैंधव घालून, चांगला चावावा आणि वर कोमट पाणी प्यावं. अख्खा गिळला तर तेल सुटत नाही. छातीत जळजळ किंवा अल्सर असेल, तर ओवा आग वाढवतो. गरोदरपणी औषध म्हणून घेऊ नये.

अंगणातला पानओवा दाण्याच्या जागी चालत नाही; तो तुळशीच्या कुळातला.

जळजळीला धणे बरे. दोन चहाचे चमचे धणे भरडून पाऊण कप पाण्यात रात्री झाकून ठेवावेत, सकाळी गाळून खडीसाखर घालून प्यावं. दमट हवेत हे पाणी दुपारपर्यंत आंबतं, रोज ताजं करावं.

बाळंतिणीच्या सुपारीला, म्हणजे जेवणानंतरच्या मुखवासाला, चार मोठे चमचे बाळंतशेप, दोन तीळ, दोन किसलेलं सुकं खोबरं, एक ओवा आणि चवीला सैंधव. प्रत्येक जिन्नस मंद आचेवर वेगळा भाजावा. एकत्र टाकले तर शेप भाजेपर्यंत ओवा करपून कडू होतो. खोबरं पावसात लवकर खवट होतं, आठवड्यापुरतीच करावी. जेवणानंतर एक चमचा पुरे.

सर्दीला ओवा कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंतच गरम करून मलमलीत पुरचुंडी बांधावी, मनगटावर चटका तपासून हुंगावी. तान्ह्याला ओव्याची धुरी नको, धुरानं श्वास कोंडतो. हिंगही त्याच्या पोटात देऊ नये. बाळाचं पोट टणक झालं, हिरवी उलटी झाली किंवा ताप आला, तर घरगुती उपाय थांबवून लगेच डॉक्टरांकडे न्यावं.