पोलंडमधल्या वादोवित्सेला गेलात तर संत जॉन पॉल दुसरे यांचं घर असं पाहा

क्राकोवहून निघा, अंतर साधारण 50 किलोमीटर. घराचं आता संग्रहालय झालंय, पण सरळ त्यात शिरू नका. आधी शेजारच्या चर्चमध्ये जा. 1920 साली जन्मलेल्या कारोलचा, म्हणजे पुढे पोप झालेल्या जॉन पॉल यांचा, बाप्तिस्मा तिथल्याच कुंडाशी झाला. आम्ही वसईचे. नातवासाठी मी तिथे गुडघे टेकले.

मग घर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, बस्स. खिडकीशी मात्र थांबाच. समोर चर्चच्या भिंतीवर सूर्यघड्याळ आहे, त्यावर पोलिश ओळ : काळ पळतो, अनंतकाळ वाट पाहतो. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. रोज हीच ओळ डोळ्यांसमोर! मला तिथून हलवेना.

निघताना चौकात क्रेमुव्का नावाचा केक खा. शाळेची शेवटची परीक्षा झाल्यावर मित्रांबरोबर तो खाल्ल्याची आठवण पोपनी 1999 साली याच गावात सांगितली होती.