नवी शेळी एकटी बांधू नका

बाजारातून आणलेली कोकण कन्याळ शेळी गोठ्यात एकटी बांधली की रात्रभर ओरडते, पाला हुंगून सोडून देते. कळप तुटला की तिच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. ते बरेच दिवस चढंच राहिलं तर प्रतिकारशक्ती खचते, आणि पावसाळ्यात जंत नि खोकला गाठतातच. म्हणून शक्यतो दोन एकदम आणा. रोग पसरू नये यासाठी 3 आठवडे वेगळ्या ठेवायलाच हव्यात, पण चिव्याच्या (बारीक बांबूच्या) कुडापलीकडे, 10-12 फुटांवर, बाकीच्या दिसतील अशा. दाणापाण्याची भांडी मात्र वेगळी.

दूध काढताना सोबतीण समोर हवी. घाबरलेल्या जनावरात अ‍ॅड्रेनलिन हे भीतीचं संप्रेरक पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम अडवतं, मग शेळी पान्हा चोरते. तेव्हा ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनच्या मागे लागू नका. कास कोमट पाण्याने पुसून मिनिटभर हलकी चोळा.